शून्य धरलेलं सरपण

देऊळघाटचा जानराव इंगळे समुद्रावर नोकरीला लागला, तेव्हा गावातल्या निम्म्या लोकांनी समुद्र पाहिलेला नव्हता. उरलेल्या निम्म्यांनीही नव्हता, पण ते पाहिला म्हणून सांगत. त्यामुळे जानराव सुट्टीवर आला की पारावर लोक त्याला घेरत आणि नसते प्रश्न विचारत. पाण्यात राहतो तर झोपतो कुठं, भाकर मिळते का मासेच खावे लागतात. जानराव सांगायचा थोडं आणि चिडायचा जास्त. त्या चिडण्याचं कारण मात्र त्याला पारावर सांगता येत नसे.

ही एकोणऐंशी सालची गोष्ट. जानराव तेव्हा तिशीच्या आसपास होता. बाप रोजमजुरी करता करता लवकर गेला. घरानं बौद्ध धम्म घेतला तेव्हा जानराव सात-आठ वर्षांचा होता, आणि हा पोरगा शिकणारच, असं त्याची माय पंचफुलाबाई हिनं तेव्हाच ठरवून टाकलं होतं. ती निंदायला गेली, कापूस वेचायला गेली, आणि पोरानं अमरावतीला मशिनीचा डिप्लोमा केला. पुढं मुंबईच्या एका ठेकेदार कंपनीनं त्याला तीन वर्षांच्या मुदतीवर घेतलं. किनाऱ्यापासून खूप आत, समुद्राच्या तळावर लोखंडी पाय रोवून उभ्या केलेल्या फलाटावर त्याची नेमणूक झाली. पंधरा दिवस समुद्रावर, पंधरा दिवस घरी.

त्याचं काम गॅस मोजण्याचं. विहिरीतून तेल निघतं तसा त्याच्यासोबत गॅसही निघतो. तेल जहाजात भरून नेता येतं, गॅस नेता येत नाही. किनाऱ्यापर्यंत नळ टाकावा तर या विहिरी लहान, सात-आठ वर्षांत आटणाऱ्या. नळाचा खर्च कोण करतो. म्हणून जानरावनं गॅस मोजायचा, वहीत लिहायचा, आणि मग तो एका उंच नळीच्या तोंडाशी जाळून टाकायचा. भर दुपारीसुद्धा त्या जाळानं फलाटावरच्या माणसाची कातडी भाजून निघे. दिवसाला पाच लाख घनमीटर. जानरावनं एकदा हिशेब मांडून पाहिला. तेवढ्यात बुलढाण्यासारख्या तीन जिल्ह्यांतल्या सगळ्या चुली पेटल्या असत्या.

आणि घरी त्याची माय ओल्या काड्यांशी फुंकणीनं झगडत बसलेली असायची. ज्यांची शेती होती त्यांच्या अंगणात जळणाला कापसाच्या पऱ्हाट्यांचे, तुरीच्या तुराट्यांचे ढीग असत. इंगळ्यांना शेती नव्हती. त्यांच्या वस्तीतल्या बाया घाटाच्या डोंगरात जात आणि डोक्यावर मोळी घेऊन येत. पंचफुलाबाईनं तीस वर्षं हेच केलं. धुरानं तिचे डोळे लाल व्हायचे, मग पाणी गळायला लागलं, मग समोरचा माणूस आवाजावरून ओळखायची वेळ आली. तेव्हा जानरावच्या धाकट्या बहिणीला, बेबीताईला, सातवीतून काढलं आणि मोळी तिच्या डोक्यावर आली. जानराव त्या वेळी अमरावतीला शिकत होता. ही गोष्ट तो कधी विसरला नाही आणि बेबीताईनं त्याला विसरू दिली नाही.

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी एक बातमी आली आणि जानरावचा जीव जरा निवला. जळून जाणाऱ्या गॅसचं काही करता येईल का, याचा अभ्यास कंपनीनं मागवला होता. गॅस फार थंड केला, शून्याच्याही खाली एकशे साठ अंशांपर्यंत, की तो पाण्यासारखा पातळ होतो, आणि सहाशे घागरींतला गॅस एका घागरीत मावतो. मग तो जहाजातून कुठंही नेता येतो. असे कारखाने जमिनीवर होते. पण तोच कारखाना एका भल्यामोठ्या जहाजावर उभा केला, जहाज विहिरीजवळ नांगरून ठेवलं, आणि विहीर आटली की ओढून दुसऱ्या विहिरीवर नेलं तर? असं जहाज तोपर्यंत जगात कुणी बांधलेलं नव्हतं. परदेशात त्याचे नकाशे मात्र निघाले होते.

अभ्यासाचे प्रमुख शंकरराव नावाचे अभियंते होते. हुशार माणूस, कधी आवाज न चढवणारा. त्यांना आठ महिन्यांची बिनचूक मोजणी हवी होती. जानरावनं ती अशी केली की त्याच्या हाताखालचे लोक वैतागले. दर दोन तासांनी आकडा. गॅसमधला जड भाग किती, हलका भाग किती, तेही. जड भागावर त्याचं विशेष लक्ष होतं, कारण गॅस थंड करण्याआधी तो वेगळा काढावाच लागतो, आणि शहरात सिलिंडरमध्ये भरून मिळतो तो नेमका हाच. सुट्टीत घरी आला की तो मायला सांगायचा, बिना धुराचा जाळ, बटन फिरवलं की पेटते. पंचफुलाबाई हूं म्हणायची.

अहवाल तयार झाला तेव्हा मोजणीच्या तक्त्यांवर सही करण्यासाठी जानरावला मुंबईच्या कचेरीत बोलावलं. त्यानं सही करण्याआधी अख्खा अहवाल वाचून काढला. वाचणं अपेक्षित नव्हतं, पण कुणी अडवलंही नाही.

प्रकल्प परवडत नाही, असा निष्कर्ष होता. कारणं दिली होती. असं जहाज कुणी बांधलेलं नाही, म्हणून भांडवल देणारे जास्त व्याज मागणार. पावसाळ्याच्या चार महिन्यांत समुद्र खवळलेला असताना एका जहाजातून दुसऱ्यात इतका थंड माल भरणं धोक्याचं. माल उतरवून घेणारं बंदर देशात नाही. हे जानरावला पटलं. त्यानं त्या पावसाळ्यातल्या लाटा पाहिल्या होत्या. मग लोकांना होणाऱ्या लाभाचं पान आलं. त्यात सिलिंडरच्या गॅसमुळे गावांकडं होणारी बचत अशी एक ओळ होती आणि तिच्यापुढं शून्य होतं. खाली बारीक अक्षरात खुलासा होता: ग्रामीण भागात सरपण विनामूल्य उपलब्ध असल्यामुळे बचत धरलेली नाही.

जानरावनं ती ओळ तीनदा वाचली. मग पान हातात घेऊन तो तडक शंकररावांच्या बैठकीत गेला. आत सहा-सात जण बसले होते.

"साहेब," तो म्हणाला, "हे शून्य कोनं मोजलं?"

शंकररावांनी पान पाहिलं. "त्यात मोजायचं काय आहे? सरपणाला किंमत पडत नाही. लोक जंगलातून आणतात."

"लोक नाई आनत साहेब, बाया आनतात. माह्या मायनं तीस वर्सं आनलं. तिचे डोये गेले त्याच्यात. तिले कोनी इचारलं काय?"

त्याच्या बोलण्याला एक जण हसला. शंकरराव हसले नाहीत. ते शांतपणे म्हणाले, "जानराव, ज्याला बाजारभाव नाही ते हिशेबात धरता येत नाही. आणि समजा धरलं, तरी उत्तर बदलणार नाही. हा कारखाना तोट्यातच जाईल."

"मंग धरून दाखवा ना. उत्तर नाई बदललं तरी चालन मले."

"आकडा आहे का तुमच्याकडे?"

 आठ महिने जानरावनं दर दोन तासांनी समुद्रातला गॅस मोजला होता, आणि मायच्या डोक्यावरची मोळी किती किलोची असते हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याला शंकररावांचा जेवढा राग आला तेवढाच स्वतःचाही आला. पंधरा दिवसांत आकडा आणतो, असं सांगून तो सही न करताच निघाला.

गावी येऊन त्यानं कापसाच्या जिनिंगमधल्या ओळखीच्या माणसाकडून ताणकाटा आणला आणि बेबीताईला सांगितलं, उद्यापासून मोळ्या वजन करायच्या. बेबीताईनं हातातली परात खाली आपटली.

"आता मोजाले आला काय दादा? मी सातवीतून निंगाली तवापासून वाहून राह्यली. तवा नाई सुचलं तुले?"

जानरावनं परात उचलून ठेवली. पण दुसऱ्या दिवशी वस्तीतल्या एकतीस बाया गोळा करून बेबीताईनंच त्याच्यासमोर उभ्या केल्या. तिचा शब्द बाया ऐकत. चौदा दिवस त्यांनी मोजलं. कोण कधी निघाली, कधी आली, मोळी किती भरली, किती दिवस पुरली. जानराव स्वतः त्यांच्यासोबत डोंगरात गेला आणि पहिल्याच दिवशी उतरताना दोनदा घसरला. सरासरी मोळी चोवीस किलोची निघाली. जाऊन-येऊन अकरा किलोमीटर. साडेपाच तास, दिवसाआड. एकीचा पाय त्याच चौदा दिवसांत खडकावर मोडला. जंगल खात्याचा गार्ड वाटेत अडवी, मोळी सोडायला लावी आणि विळा काढून घेई. जानरावनं तेही लिहिलं: जप्त विळे नऊ. गॅसच्या तक्त्यांना जशा रेघा मारल्या होत्या तशाच याला मारल्या आणि कागदाची एक नक्कल शंकररावांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

शंकररावांनी कागद शेवटपर्यंत वाचला. काम चोख आहे, असं ते म्हणाले. मग म्हणाले की हा अहवालात येणार नाही; अभ्यासाचा विषय वरून ठरून आलाय आणि त्यात मोळ्या बसत नाहीत. टेबलावर गॅसच्या मोजणीचं प्रमाणपत्र होतं. त्यांनी ते पुढं सरकवलं आणि पेन दिलं.

जानरावनं पेन परत ठेवलं. "माहे दोनी तक्ते खरे आहेत," तो म्हणाला. "दोनी घेता तर दोनीवर सही करतो."

त्याला समजावलं, मग दटावलं. संध्याकाळी त्याच्या हाताखालच्या एकानं प्रमाणपत्रावर सही केली. अहवाल पुढं गेला, जहाज बांधायचं नाही असं ठरलं, आणि मार्चमध्ये मुदत संपली तेव्हा कंपनीनं जानरावला ती वाढवून दिली नाही.

तो गावी परतला तो रागाचं गाठोडं घेऊनच. कुणी चांगलं विचारलं तरी तो वाकडं बोले. जेवताना ताट सरकवून उठे. एकदा चूल पेटत नव्हती, घरभर धूर झाला, आणि तो मायवरच ओरडला. पंचफुलाबाईनं फुंकणी खाली ठेवली.

"माह्यावर काऊन खेकसतं रे? तुहा गॅस काय म्या पेटवून देल्ला?"

जानराव ओशाळून बाहेर जाऊन बसला. थोड्या वेळानं बेबीताई त्याच्यापाशी आली. मुंबईवाल्यांना नको असेल तर तो कागद मला दे, असं ती म्हणाली.

दोन दिवसांनी एकतीस बाया बुलढाण्याला जंगल खात्याच्या कचेरीवर गेल्या. पाय मोडलेली बाई बैलगाडीत बसून आली. जानरावही निघाला होता, पण बेबीताईनं त्याला फाटकाबाहेर थांबवलं. "तू आतमंदी नको येऊ. तुह्या तोंडातून राग निंगते, आकडा नाई निंगत."

साहेब कामात आहेत, असं शिपायानं सांगितलं. बाया व्हरांड्यात बसल्या. तास गेला, दुसरा गेला. मग बेबीताई उभी राहिली आणि खिडकीसमोर कागद मोठ्यानं वाचायला लागली. एकेका बाईचं नाव, मोळीचं वजन, तास. सातवीपर्यंत शिकलेली पोरगी, पण एकही आकडा अडखळला नाही. सतराव्या नावाला साहेब बाहेर आले. हे काय चाललंय, असं त्यांनी विचारलं.

"तुमचा गार्ड आमच्यापासून काय काय घेते, थे वाचून राह्यली," बेबीताई म्हणाली. "पाऊती त्यानं एकाची बी देल्ली नाई. हे घ्या, आमची पाऊती."

पावती न देता केलेली जप्ती म्हटल्यावर साहेबांचा चेहरा बदलला. गार्डला बोलावणं गेलं. त्याच्या क्वार्टरमधून नऊचे नऊ विळे निघाले, वर दुसऱ्या गावचे चार. वाळलेलं, पडलेलं लाकूड डोक्यावरून आणणाऱ्या बायांना अडवू नये, असं लेखी घेऊनच बाया उठल्या. परत येताना त्या मोकळ्या मनानं बोलत होत्या. जानराव त्यांच्या मागून चालत होता आणि त्याचा राग तसूभरही उतरला नव्हता. मोळी न अडवण्याचा कागद मिळाला. मोळी तर डोक्यावर होतीच.

पुढं जानरावनं बुलढाण्यात मोटारी आणि पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. पंचफुलाबाईच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि थोडं दिसायला लागलं, दुसरा गेलाच. शहरात गॅसची एजन्सी आली तेव्हा जानरावनं नाव नोंदवलं आणि चार वर्षं वाट पाहिली. बेबीताईनं बाहेरून मॅट्रिकची परीक्षा दिली, दुसऱ्या खेपेला पास झाली.

सिलिंडर घरात आला त्याच वर्षी शंकररावांचं पत्र आलं. ते निवृत्त झाले होते. जुने कागद आवरताना जानरावचा तक्ता हाती लागला, म्हणून बसून हिशेब केला, असं त्यांनी लिहिलं होतं. बायांच्या तासांना मजुरीचा साधा दर लावला. कारखाना तरीही तोट्यातच होता. पण तोटा मूळच्या निम्म्यावर आला. इतका फरक पडेल असं त्या वेळी वाटलं नव्हतं, असं शेवटी लिहिलेलं होतं.

बेबीताईला वाटलं, दादाला बरं वाटेल. जानरावनं पत्र वाचलं आणि हातातला पाना भिंतीवर भिरकावला. "निम्मा," तो म्हणाला. "तवाच मोजलं असतं तर कोनी तरी अजून एकदा इचार केला असता. आता मले सांगून काय करते हा मानूस?"

त्याच दिवशी त्यानं पोस्टकार्ड लिहिलं: आपलं पत्र मिळालं, हाच हिशेब आपल्या सहीनं कंपनीला पाठवावा. उत्तर आलं नाही. महिन्यानं त्यानं दुसरं लिहिलं. पुढं कित्येक वर्षं, दुकानात गिऱ्हाईक नसलं की तो पोस्टकार्ड काढायचा आणि तेच एक वाक्य लिहायचा. पोस्टात टाकून यायचं काम बेबीताई करायची, आणि पत्ता नीट लिहिलाय का, तेही आधी तपासायची.