घासून संपलेला आफ्रिकेचा दगड

मंडळातल्या मित्रांनो, आज फलकावर लावायला गमतीचं काही नाही.

मी दगडांच्या प्रयोगशाळेत काम करतो. दगडाची चकती काचेवर चिकटवायची आणि तिच्यातून उजेड आरपार जाईपर्यंत घासायची. मग साहेब ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात.

साहेबांच्या आफ्रिकेतल्या मित्राने वारण्यापूर्वी दगडाचा नखाएवढा तुकडा पाठवला होता. तो आपल्या बंगळूरच्या दगडाशी जुळला, तर या दोन्ही भूमी कधीकाळी जोडलेल्या होत्या, या साहेबांच्या म्हणण्याला आधार मिळणार होता. तो सगळा तुकडा एकाच चकतीत गेला.

दुपारी शेजारच्या टेबलावरचे मंजण्णा म्हणाले, "साकु, पुरे रे, झाली ती. ठेव आता."

मला एक कड जाड वाटली, म्हणून मी आणखी एकदा घासली. पाण्याने धुतली, तर नुसती काच. दगड उरलाच नव्हता.

साहेबांनी काच उजेडात धरली. "लेबल मात्र सुरेख लिहिलंयस," एवढंच म्हणाले आणि ती रिकामी काच त्यांनी बंगळूरच्या दगडाशेजारी खोक्यात ठेवली.

ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

काम पुरं झालं, आता हात थांबवायचा, हे तुम्हाला कसं कळतं?