ओबोनो आत्याची मोजणी

माझे वडील, एव्हिना, मेकोम गावचे प्रमुख होते, आणि ज्या कागदावर आमच्या गावामागचं जंगल गेलं त्या कागदावर त्यांची सही आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मी काही लपवते आहे असं नंतर कोणी म्हणायला नको. आणि बाजू म्हणाल तर मी आत्याचीच घेणार आहे.

ओबोनो आत्या वडिलांपेक्षा सहा वर्षांनी मोठी. लग्नानंतर मूल झालं नाही, नवऱ्याने दुसरी आणली, तेव्हा डोक्यावर गाठोडं घेऊन ती माहेरी आली ती कायमचीच. माझी आजी अजापच्या बियांचं तेल काढायची. अजाप म्हणजे आमच्याकडचं सगळ्यात उंच झाड. त्याला पहिलं फूल यायचं तर माणसाचं आयुष्य सरतं. आजीच्या मागे हिंडून हिंडून आत्याला जंगल तोंडपाठ झालं. सालीची ढलपी काढून नाकाला लावली की ती झाडाचं नाव सांगायची. कधी चीक जिभेला लावून बघायची आणि थुंकायची.

मी पहिलीत असताना राजधानीहून, याउंदेहून, सरकारी पाहणीचे लोक आले. जंगलात सरळ रेघ मारायची, रेघेच्या दोन्ही बाजूंची झाडं मोजायची, असं त्यांचं काम. झाडांची नावं सांगायला त्यांनी दुसऱ्या मुलखातला एक माणूस आणला होता. आत्या ओढ्यात कसाव्याचे कंद भिजत घालत होती. पलीकडून त्या माणसाने एका झाडाचं नाव पुकारलं आणि आत्या तशीच ओल्या हातांनी उठली.

"अरे, तो एसिंगांग नाही! साल सोलून वास घे की. नाक काय बाजारात ठेवून आलास?"

साहेबाने तिला पुढची दहा झाडं विचारली. मग त्या माणसाला घरी पाठवलं.

गावातले पुरुष हसले. "आता बायका झाडं मोजणार! आम्ही काय करायचं, कसावा कुटायचा?"

"कुटा की," आत्या म्हणाली. "एक तरी काम येईल."

एकोणीस वर्षं तिने ते काम केलं. कोयता घेऊन ती पुढे, मागे दोर धरणारे दोघे, त्यांच्या मागे वही घेऊन कारकून. तिने नाव पुकारायचं, कारकुनाने तेच नाव मोठ्याने परत म्हणून लिहायचं. ती मात्र सगळंच पुकारायची. वेल, नेचे, कुजक्या ओंडक्यावरची अळंबी, हत्तींची वाट, धनेशाची ढोली.

"मावशी, कमरेएवढं जाड असेल तेच सांगा," कारकून वैतागायचा. "बाकीच्यांना रकाना नाही."

"रकाना नाही म्हणजे ते झाड नाही?"

मग ती संध्याकाळी अंगणात बसून राहिलेली नावं मला सांगायची आणि मी शाळेच्या वहीत लिहायची. गावामागच्या तुकड्यात, ओढ्यापासून टेकाडापर्यंत, आम्ही दोघींनी मिळून नुसती झाडंच दोनशे चौदा जातींची लिहिली. झुडपं आणि वेल निराळे.

मग लाकूडतोडे आले. हे कोण कुठले, आत्याला आधी कळलं नाही. ती तेल काढायच्या बिया वेचायला गेली होती. वाटेतल्या पहिल्या अजापवर लाल रंगाची फुली. दुसऱ्यावर फुली. आसियेच्या मोठ्या झाडांवर फुल्या, आणि आमचे खायचे सुरवंट तर आसियेवरच होतात. तिसरा अजाप आडवा पडलेला, आणि एक माणूस त्याच्या खोडावर बसून पाव खात होता.

"ही झाडं तुम्हाला कोणी दाखवली?" आत्याने विचारलं.

त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला. रेघेचा नंबर, झाडाचा नंबर, नाव, जाडी. "काकू, यादी तुमच्याच पाहणीची आहे. फार बरं झालं, शोधावं लागलं नाही."

एकूण एक झाड तिनेच पुकारलेलं होतं.

ती घरी आली तेव्हा तिचा चेहरा राखेसारखा झाला होता. तिने पाहणीवाल्यांनी दिलेली टोपी चुलीत घातली. टोपी प्लास्टिकची, तिचा घाण काळा धूर घरभर झाला, आई खोकत बाहेर पळाली. आत्या तिथेच बसून राहिली. "माझ्या तोंडाने गेली," एवढंच म्हणाली. त्यानंतर कितीतरी वर्षं तिला कोणी झाडाचं नाव विचारलं की ती तोंड फिरवायची.

पण खरा घाला पुढेच होता. मोठी झाडं गेल्यावर तीन वर्षांनी रबराची कंपनी आली. बरोबर सरकारी कागद. त्यात लिहिलं होतं की मेकोममागचं जंगल निकृष्ट झालं आहे, तिथे राखण्यासारखं काही उरलेलं नाही, सबब ते रबर लावायला द्यायला हरकत नाही. वडिलांनी खाली सही केली. त्या दिवशी आमच्या घरी तांदळाची पोती आली आणि एक मोटरसायकल.

आत्या तो कागद घेऊन वडिलांसमोर उभी राहिली. मी शेजारीच होते, मला तिने मोठ्याने वाचायला लावलं होतं.

"एव्हिना, निकृष्ट कोणी ठरवलं?"

"अक्का, पाहणीने ठरवलं."

"पाहणी मी केली!"

"मोठी झाडं गेली ना पण? आता काय उरलंय? झुडपं. रबर लागला तर पोरांना काम तरी मिळेल."

"आधी चोरांनी घरातली भांडी न्यायची, मग म्हणायचं हे घर रिकामं आहे, पाडा. आणि तू त्यांना दार उघडून देतोस?"

"मी सही केली नसती तर त्यांनी दुसरा प्रमुख बसवला असता."

"बसवू द्यायचा होता. सही त्याची लागली असती. ही तुझी आहे."

त्या तांदळातला एक दाणा आत्याने खाल्ला नाही, आणि त्यानंतर आमच्या चुलीवरचं काहीच खाल्लं नाही. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तीन दगड मांडून तिने वेगळं शिजवायला सुरुवात केली. गावाने बघितलं. वडिलांना ते फार लागलं, पण मोटरसायकल त्यांनी परत केली नाही. हेही खरं आहे.

बुलडोझर आठ महिने चालले. उरलेलं पेटवलं. धुरात चूल कोणती आणि जंगल कोणतं कळेना. लहान हरणं वेड्यासारखी भर बाजारात धावत आली, लोकांनी ती मारली आणि महिनाभर गावात मांसाची चंगळ झाली. नंतर पुन्हा कधीच नाही. करडे पोपट चार दिवस घिरट्या घालत होते, बसायला जागा शोधत. पाचव्या दिवशी दिसले नाहीत. सुरवंटांच्या मोसमात बायका टोपल्या घेऊन गेल्या आणि रिकाम्या टोपल्या घेऊन आल्या. आणि काम? गावातल्या अकरा पोरांना मिळालं. चीक गोळा करायचं. बाकी मजूर बाहेरून आले.

दहा वर्षांनी तालुक्याच्या गावी सभा होती. तोवर मी मेकोमच्या शाळेत शिकवत होते, म्हणून मलाही बोलावणं आलं. आत्याला बोलावणं नव्हतं, पण ती माझ्याआधी गाडीत बसली. विषय होता नदीपलीकडच्या डोंगराचा. तोच एक तुकडा अजून कोणी कापलेला नव्हता, आणि कंपनीला तो हवा होता.

याउंदेहून आलेले, सरकारी पाहणीतले तालोम नावाचे साहेब भिंतीवर नकाशा दाखवत होते. तरुण, अदबशीर माणूस. एक नकाशा दहा वर्षांपूर्वीचा, एक आत्ताचा. दोन्ही हिरवेगार.

"आपल्या भागातलं वनाच्छादन जवळपास तेवढंच आहे," ते म्हणाले. "तेव्हा नवीन जागा दिली तरी फारसा फरक पडणार नाही."

आत्या उभी राहिली. अडुसष्ट वर्षांची बाई, कमरेला गुंडाळलेलं लुगडं, पायात प्लास्टिकच्या चपला.

"साहेब, हे मेकोमच्या मागे हिरवं काय आहे?"

"झाडं आहेत, मावशी."

"कुठली?"

"हे उपग्रहातून दिसतं. त्याला झाडाचं नाव कळत नाही."

"मग मला विचारायचं. मी काही आभाळात राहत नाही, सापडले असते."

लोक हसले. साहेबही थोडे हसले. आत्या मात्र हसली नाही.

"तो रबर आहे. एक झाड लाख वेळा लावलंय. त्याला तुम्ही जंगल म्हणता? मग शहरात माणसं किती आहेत ते मोजायला दुकानातले पुतळे पण मोजा!" तिचा आवाज चिरला. "नकाशा झाला की जमिनीवर जाऊन तपासायचा, असा तुमचाच नियम आहे. एकोणीस वर्षं मी तुमच्या रेघा चालले आहे, मला माहीत आहे. हा कोणी तपासला? नाव सांगा त्याचं."

साहेबांनी कागद चाळले, शेजारच्या माणसाला काहीतरी विचारलं, पुन्हा चाळले. कोणीच तपासला नव्हता. कंपनीचा माणूस म्हणाला, "एवढ्या तेवढ्यासाठी..." तेव्हा आत्या त्याच्याकडे वळली. "तू गप्प बस. तुझी पाळी आली की तुला पण मोजीन."

दोन आठवड्यांनी तालोम साहेब खरंच आले. कारकून, दोर, छापील तक्ते, सगळं घेऊन. आत्या कोयता घासून तयार होती, मीही बरोबर निघाले. रबराच्या मळ्याच्या फाटकावर पहारेकऱ्याने हटकलं, "आजी, कुठे?"

"मोजायला," ती म्हणाली, आणि थांबली नाही.

अर्ध्या किलोमीटरची रेघ. तिने पहिल्या झाडावर हात ठेवला आणि जुन्या सवयीने पुकारलं, "रबर."

"रबर," कारकून म्हणाला आणि लिहिलं.

"रबर."

"रबर."

"रबर."

पन्नास झाली, ऐंशी झाली. कारकुनाने पेन खाली घेतलं. "मावशी, 'पुढे सर्व तसेच' असं लिहिलं तर चालेल?"

"नाही चालणार. प्रत्येकाचं नाव मी घेते, तू पण घे."

तिचा आवाज चढत गेला. ती आता नाव सांगत नव्हती, शिवी देत होती. त्या सरळ ओळींमध्ये दुसरा आवाजच नव्हता. पाखरू नाही, किडा नाही. पालापाचोळ्यावर आमचे पाय आणि "रबर, रबर." साहेबांनी घाम पुसला. चारशे सत्त्याऐंशी झाडं झाली तेव्हा दोर संपला.

"आता बाकीचे रकाने भर," ती म्हणाली. "झुडपं, वेल, पक्षी, जनावर. प्रत्येकात शून्य घाल. एकही रकाना मोकळा सोडू नकोस."

मग ती आम्हाला नदीकडे घेऊन गेली. होडीच्या घाटावर वडील उभे होते. म्हातारे झाले होते, काठीवर रेलून. त्यांना यायचं होतं की अडवायचं होतं, मला अजून कळलेलं नाही.

"यायचं असेल तर कोयता घे," आत्या म्हणाली. "नाहीतर वाट सोड."

त्यांनी वाट सोडली.

पलीकडच्या डोंगरात तेवढीच रेघ चालायला घेतली, पण दुपार सरली तरी ती निम्मी झाली नव्हती. म्बेलच्या झाडाचा रक्तासारखा चीक तिने साहेबांच्या बोटाला लावला. तक्ते संपले, कारकून त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहायला लागला. आणि मग एका अजापपाशी ती थांबली. आम्ही चौघांनी हात धरले असते तरी कवेत आला नसता एवढा.

"नाव?" कारकुनाने विचारलं.

तिचा हात सालीवर, मान खाली. कारकुनाने पुन्हा विचारलं तसे साहेब हळू म्हणाले, "मावशी, लिहिलं नाही तर इथे काही नव्हतं असंच म्हणतील."

"मागच्या वेळी लिहिलं," ती म्हणाली, "म्हणून तर तोडायला आले."

खोटा दिलासा साहेबांनी दिला नाही, एवढं मी त्यांच्या बाजूने म्हणेन. मग आत्याने मान वर केली.

"अजाप. लिही. आणि तुम्ही ऐका, याच्या अंगावर लाल फुली दिसली तर मी याउंदेला चालत येईन, आणि तीच फुली तुमच्या कपाळावर काढीन."

साहेबांनी नवा नकाशा केला. त्यात रबर पिवळा दाखवला, आणि तालुक्याचा अर्धा नकाशा कावीळ झाल्यासारखा दिसायला लागला. तीन महिन्यांत साहेबांची बदली झाली, उत्तरेला, जिथे झाडंच कमी आहेत. डोंगर कंपनीला दिला नाही. पण राखीवही केला नाही. फाईल पडून आहे, एवढंच.

त्याच्या पुढच्या पावसाळ्यात वडील गेले. आत्या मातीला आली, सगळ्या रीती केल्या, रडली नाही. तीन दगडांची तिची चूल आजही वेगळीच आहे. लोक तिला म्हणतात, आता तरी राग सोड, डोंगर वाचला ना? ती म्हणते, मागचं जंगल परत आणा, मग सोडते.

दरवर्षी कोरड्या हंगामात ती तालुक्याला जाते आणि सरकारी ऑफिसात डोंगराची फाईल दाखवायला सांगते. यंदा तिला नीट दिसत नाही म्हणून मी बरोबर गेले. तिथला माणूस म्हणाला, "आजी, आहे तिथेच आहे."

"दाखव."

त्याने पाऊण तास शोधली. एका मोडक्या पंख्याखाली सापडली. आत्याने ती हातात घेतली, कागद बोटांनी चाचपून मोजले, एक कमी तर नाही ना बघितलं. मग त्याच्या टेबलावरचा चहाचा कप बाजूला सारून फाईल मधोमध ठेवली.

"हिच्यावर काही ठेवलंस तर बघ," म्हणाली, आणि मला म्हणाली, "चल, गाडी जाईल."