दगड उचलला त्यानं, मिशी पिळली मी

तरुणपणी मी बेळगावच्या एका तालमीत महिनाभर होतो. त्यातले बहुतेक दिवस हौदातली माती खणण्यात आणि वस्तादांचं अंग रगडण्यात गेले. कॅसलरॉकजवळच्या आमच्या गावी परतलो तो मात्र स्वतःच वस्ताद होऊन. पदरी शिष्य एकच, धाकटा भाऊ.

देवळापुढं एक वाटोळा दगड होता. दसऱ्याला जो कुणी तो खांद्यावर घेईल, त्याला देवाचा नारळ मिळे. भावाला तो नारळ हवा होता. मला त्याहून जास्त.

भाऊ दिवसभर स्टेशनात लाकडाचे ओंडके मालगाडीच्या वाघिणीत चढवी. माझ्या लेखी ती मजुरी. व्यायाम म्हणजे जोर आणि बैठका. संध्याकाळी तो परतला की मी मिशी पिळून अंगणात उभा. रोज कालच्यापेक्षा थोडं जास्त, एवढंच मी तालमीत ऐकलं होतं. वस्ताद विश्रांतीबद्दल बोलले तेव्हा मी बहुधा झोपलो होतो.

"अण्णा, मांड्या भरून आल्यात. आज ऱ्हाऊ दे."

"मग बैठकांनीच मोकळ्या हुतील."

आई चुलीपासून म्हणाली, "बैलालाबी अमावास्येला जुंपत न्हाईत रं."

"त्यो बैल हाय. ह्यो पैलवान हाय."

दसऱ्याला दगड भावाच्या गुडघ्यापर्यंत आला आणि सुटला.

"काय वस्ताद, शिष्याला जेवाण घालतोस का न्हाई?" कुणीतरी विचारलं.

"अंगचोर हाय त्यो," मी म्हणालो. "घाम मी एकटाच गाळतो." गाळला होताच, ओरडून ओरडून. भाऊ शेजारीच उभा होता. त्यानं हाताची माती झटकली.

त्यानंतर त्यानं माझी तालीम सोडली. हमाली करी, पोटभर पेज जेवी, अमावास्येला कामावरही न जाता पसरून झोपे. अंग हलकं वाटेल त्या दिवशी ओढ्यातले धोंडे उचलून बघे. आधी लहान, मग मोठे. मी त्याला खुळा म्हणत असे.

पुढच्या दसऱ्याला दगड त्याच्या खांद्यावर होता. लोक माझ्याकडे वळले. "वस्ताद, तुमची तालीम फळली की."

मी मिशी पिळली. भावानं एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नारळ आणून माझ्याच हातात दिला.

आज तो नाही. गाव अजून सांगतं की आळशी भावाला मी पैलवान केलं, आणि त्याची नातवंडंही तेच ऐकत वाढली. म्हणून लिहितो. तो अंगचोर नव्हता, दमलेला होता. दगड उचलायला तो स्वतःच शिकला. मी फक्त नारळ खाल्ला, त्यातलीही मोठी वाटी.