क्रेडोला गप्प राहणारी नीला मावशी

आधी एक दुरुस्ती. नीला मावशी सगळं गात नव्हती.

ती गेली त्या दिवशी मी इथेच लिहिलं होतं की चर्चच्या कॉयरमध्ये ती शब्द न् शब्द मनापासून गायची. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ते शेअर केलं.

ते चूक आहे.

बार्बराने ती पोस्ट ट्रान्सलेट करून वाचली आणि फोन केला. बार्बरा म्हणजे आल्टोच्या, बायकांमधल्या खालच्या सुराच्या, रांगेत मावशीच्या शेजारी उभी राहणारी.

"हनी, तुझी मावशी क्रेडो कधीच गायली नाही. पान उलटायची, ताठ उभी राहायची, तोंड बंद."

क्रेडो म्हणजे लॅटिनमध्ये "मी मानते". प्रार्थनेतला श्रद्धा जाहीर करायचा भाग.
मावशी ते मानत नव्हती. म्हणून तेवढं गात नव्हती. कुणाला सांगतही नव्हती.

मला हे माहीत असायला हवं होतं. पाचवीपर्यंत मी घरीच शिकले, इथे ट्रॉय शहरात, किचन टेबलवर. गणित बाबांकडे, मराठी आईकडे, उरलेलं सगळं मावशीकडे. ती दिवसा गाड्यांच्या ब्रेकचं सॉफ्टवेअर टेस्ट करायची आणि संध्याकाळी मला शिकवायची.

लॅटिन असं शिकवलं:

"क्विड प्रो क्वो. तू भांडी घास, मी चहा टाकते."

"एट सेटरा म्हणू नकोस. एट सेटरा म्हणजे आळस. उरलेलं सांग."

फ्रेंच संगीतकार तिचे लाडके. "ही माणसं देवाशीसुद्धा हळू आवाजात बोलतात," म्हणायची.

तिच्या कॉयरमध्ये दर नोव्हेंबरला, गेलेल्या माणसांसाठी, एका फ्रेंच संगीतकाराचं रेक्विएम गातात. ती घरी तयारी करायची तेव्हा मी सोबत गायचे. आल्टोची अख्खी चाल मला पाठ आहे.

बार्बराने फोन त्यासाठीही केला होता. या वर्षीचं रेक्विएम मावशीसाठी आहे.

"तिची जागा रिकामी ठेवू, की तू उभी राहशील?"

मी म्हटलं, सांगते.

खरं म्हणजे मला काहीच वाटत नाहीये.

मावशी गेली त्या दिवशी मी सगळे फोन केले. तिचा फ्रिज रिकामा केला. तिचं विरजण घरी आणलं, दही लावलं. दुसऱ्या दिवशी कॅमेरा ऑन करून मीटिंग घेतली. रडू आलं नाही. अजून नाही.

आत काही नसताना तिच्यासाठी गायचं, हा खोटेपणा नाही का? जी बाई न मानलेलं गायली नाही, तिच्यासाठी?

आईला विचारलं. आई तिची धाकटी बहीण.

"चर्चमध्ये? अगं, तिचे दिवस झाले ना नीट?"

"झाले गं. पण तिला आवडायचं हे."

"तिला खूप काही आवडायचं." मग, "किती वाजता असतं? बसायला खुर्च्या असतात ना?"

गेले काही दिवस मी ते रेक्विएम ऐकत नव्हते, नुसतं वाचत होते. शब्द तपासत होते.

त्यात क्रेडो नाही.

मग आठवलं. मी कॉलेजमध्ये असताना एकदा मावशीला गाडीत विचारलं होतं, सगळ्यात हेच का आवडतं तुला?

"यात मी मानते असं कुठे म्हणावं लागत नाही. नुसतं मागायचं. यांना विश्रांती दे, यांना उजेड दे."

"पण मानत नाहीस तर मागतेस कशी?"

"दुसऱ्यासाठी पाणी मागायला आपल्याला तहान लागावी लागते का? सिग्नल सुटला, बघ पुढे."

गाडी मी चालवत होते.

आज सकाळी बार्बराला कळवलं. ती म्हणाली, काळे कपडे घाल आणि पाण्याची बाटली आण.

मला अजूनही काही वाटत नाहीये. त्या दिवशी वाटेल असंही मी म्हणत नाही. पण मागता येईल.

मावशी, तुला विश्रांती मिळो. उजेड मिळो. बाकी मला काही सुचत नाही.

मी आल्टोच्या रांगेत, बार्बराच्या डाव्या हाताला उभी राहीन. आई पहिल्या बाकावर असेल.

रविवार, दोन नोव्हेंबर.