बाळा मेस्त्रींची घामाची खोली

आमच्या चारकोपच्या सोसायटीत पस्तीस बैठी घरं आहेत आणि मधे एक चौक. चौकाच्या कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागे, गेल्या वर्षापासून मातीची एक छोटी खोली उभी आहे. ती बाळा मेस्त्रींनी बांधली. मी सोसायटीचा सचिव असल्यामुळे परवानगीच्या अर्जापासून शेवटच्या कौलापर्यंत सगळं माझ्यासमोर झालं.

मेस्त्री साठीचे आहेत. वडील कुडाळहून परळच्या गिरणीत आले, मुलाने सुतारकाम आणि गवंडीकाम दोन्ही शिकून घेतलं. घरात तीन माणसं : ते, त्यांची बायको नलिनीवहिनी आणि थोरली बहीण जयंतीताई. जयंतीताईंना लहानपणी पोलिओ झाला. पन्नाशीपर्यंत त्या कुबड्या घेऊन चालत, नंतर खांदे आखडले आणि चाकाची खुर्ची आली. हातमशीनवर त्या अजूनही ब्लाउज शिवतात. अर्ध्या सोसायटीचे ब्लाउज त्यांच्याकडेच असतात, त्यामुळे त्यांच्याशी भांडायला सहसा कोणी जात नाही.

डॉक्टरांनी त्यांना सांध्यांसाठी शेक सांगितला होता. बोरिवलीच्या एका केंद्रात गरम खोली होती, पण दाराशी तीन पायऱ्या होत्या. दोन माणसं त्यांना खुर्चीसकट उचलून आत नेत. तिसऱ्या खेपेला एकाचा हात सुटला, खुर्ची कलंडली आणि जयंतीताई त्याच्या अंगावर गेल्या. लागलं काही नाही. पण बघणाऱ्यांपैकी कोणीतरी हसलं. घरी आल्यावर त्या म्हणाल्या, "गोणी उचलतत तशी उचलतत माका. परत जावचंय नाय." आणि गेल्या नाहीत.

मेस्त्रींनी पूर्वी मरोळजवळच्या एका हॉटेलात सॉना बसवला होता. सॉना म्हणजे कोंदट लाकडी खोली, आत तापलेले दगड, त्यावर पळीभर पाणी, आणि माणसाने घाम काढत बसायचं. काम संपल्यावर भट्टी नीट तापते का हे बघायला इंजिनिअरने त्यांनाच आत बसवलं. पंधरा मिनिटांत त्यांची महिनाभर धरलेली कंबर सुटली. ही गोष्ट ते वर्षातून दोनदा तरी सांगत. त्या वर्षी दिवाळीनंतर सांगता सांगता मधेच थांबले आणि बहिणीला म्हणाले, "बाय, हय बांधूया काय आपण?"

"बांध," जयंतीताई म्हणाल्या. "मी येतंय. पण आत जाताना माका कोणी हात लावचो नाय. तूसुद्धा."

एवढी एकच अट होती.

सोसायटीच्या सभेत राजेश शहा म्हणाला, "मेस्त्री, मुंबईत घाम गाळायला खोली? यार, मे महिन्यात आमच्या किचनमध्ये बसा ना. फुकट."

"तुझ्या किचनमध्ये तुझी बायको तुला बसू देत नाही," मेस्त्री म्हणाले, "मला कशाला देईल?"

हरकत फक्त धुराची होती. मेस्त्रींनी करवंट्या जाळायचं कबूल केलं. सुकी करवंटी कडक जळते आणि धूर फार करत नाही. तेव्हापासून प्रत्येक घराने नारळ फोडला की करवंटी टाकीमागच्या पिंपात टाकायची असं ठरलं. परवानगी सर्वानुमते झाली.

काम डिसेंबरात सुरू झालं. गावाहून टेम्पोतून जांभ्याचे चिरे आले, ते जोत्याला लागले. जवळच्या एका इमारतीच्या पायाची माती मिळाली. तीत भाताचा तूस आणि शेण घालून मेस्त्री ती पायांनी तुडवत. वीतभर जाड भिंती उठल्या. छपराला बांबू, त्यावर मातीचा थर, त्यावर जुनी मंगलोरी कौलं. भट्टीचं तोंड बाहेरच्या बाजूला ठेवलं, म्हणजे जाळ बाहेरून घालायचा आणि धूर बाहेरच राहायचा. आत फक्त काळे दगड तापणार. ओला दगड तापल्यावर फुटतो, म्हणून त्यांनी प्रत्येक दगड आठवडाभर उन्हात ठेवला आणि आधी उघड्यावर तापवून पाहिला. दोन फुटले.

जयंतीताईंच्या खुर्चीचं माप त्यांनी चार वेळा घेतलं. खुर्ची सव्वीस इंच रुंद, म्हणून दार छत्तीस. बसायची जागा एकोणीस इंचांवर, म्हणून आतला बाक बरोबर एकोणीस. बाकाच्या वर वाशाला काथ्याचा जाड दोर, धरून खुर्चीतून बाकावर सरकायला. जोतं सहा इंच उंच, म्हणून बाहेरचा उतार सहा फूट लांब. जयंतीताईंनी चाकांच्या कड्यांना कापडी खोळी शिवल्या, लोखंड तापून हात भाजू नयेत म्हणून.

खुर्ची मात्र प्रत्यक्ष आणून पाहिली नाही. ती दिवसभर जयंतीताईंच्या अंगाखाली असायची, आणि चिखल-दगडांतून ती तिथवर येणंही शक्य नव्हतं. शिवाय त्यांनीच सांगितलं होतं, "पुरी झाली की बोलव."

चौकट फणसाच्या लाकडाची होती. ती उभी केली त्या दिवशी नलिनीवहिनींनी तिला हळदकुंकू लावलं, आंब्याची पानं बांधली, खाली एक नाणं ठेवलं. आम्ही सगळ्यांनी पेढा खाल्ला. पुढे दीड महिना आम्ही त्या दारातून आत-बाहेर केलं. कोणी मातीची घमेली नेली, कोणी नुसतेच डोकावले. सचिव म्हणून मी तीनदा पाहणी केली.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आठला भट्टी पेटवली. साडेनऊला जयंतीताई आल्या. उतार त्यांनी एकटीने, एका दमात चढला. दाराशी पुढची दोन छोटी चाकं अडली. त्यांनी मागे घेऊन पुन्हा जोर केला. पुन्हा अडली.

चौकटीला उंबरठा होता. दोन इंच.

चाळीस वर्षांत मेस्त्रींनी तीन बाजूंची चौकट कधी केलीच नव्हती. दार म्हटलं की चार लाकडं, हे हाताला ठाऊक होतं. आणि आम्ही सगळे दीड महिना तिथे आपोआप पाय उचलत आलो होतो.

राजेश पुढे झाला. "अरे, एवढंसंच आहे ना, धरा रे त्या बाजूने." मेस्त्रींचाही हात खुर्चीच्या दांडीकडे गेला.

"हात लावशीत तर बघ," जयंतीताई म्हणाल्या.

मेस्त्रींनी हात मागे घेतला. जयंतीताईंनी खुर्ची वळवली, उतारावरून खाली आल्या आणि घरात गेल्या. करवंट्या दुपारपर्यंत जळत होत्या. त्या दिवशी आत कोणीच बसलं नाही. राजेशला इच्छा होती असं दिसलं, पण तोही घरी गेला.

संध्याकाळी मेस्त्री करवत घेऊन निघाले, तेव्हा नलिनीवहिनी दारात आडव्या उभ्या राहिल्या.

"पूजा केलेलो उंबरो कापतंस? डोकां फिरलां तुझां?"

"मगे बायने काय उडी मारूची?"

"ता माका माहीत नाय. कापूचो नाय."

दोन दिवस करवत पडवीत पडून होती. मेस्त्री कामावरही गेले नाहीत. जयंतीताई ब्लाउज शिवत होत्या आणि भावाशी नेहमीसारखंच बोलत होत्या, फक्त खोलीचा विषय निघाला की मशीन जोरात फिरवत.

तिसऱ्या दिवशी मेस्त्री माझ्याकडे आले. म्हणाले, "उंबरठा राहू दे. जमीन वर घेतो."

म्हणजे आतली जमीन आणि बाहेरचा उतार, दोन्ही दोन इंचांनी उचलायचे, म्हणजे उंबरठा त्यांच्या बरोबरीला येईल. ऐकायला सोपं होतं. पण जमीन वर आली की बाक दोन इंचांनी ठेंगणा पडणार, म्हणून बाक सोडवून पुन्हा बसवला. दार खालून कापलं. खालच्या फटीतून गरमी जाऊ नये म्हणून जयंतीताईंकडून गोणपाटाची झालर शिवून घेतली. कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही. उतार सहाचा आठ फूट झाला, त्यात माझ्या स्कूटरची जागा गेली. या सगळ्याला तीन आठवडे लागले. शेवटी मेस्त्री दवाखान्यातून एक रिकामी खुर्ची मागून घेऊन आले, स्वतः तिच्यात बसले आणि हातांनी चाकं फिरवत अकरा वेळा आत-बाहेर केलं. पोरं हसत होती. त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

दुसऱ्यांदा बोलावलं तेव्हा रविवार नव्हता, आणि बघायला चारच माणसं होती. जयंतीताई उतार चढल्या. दाराशी थांबल्या आणि खाली पाहिलं. फणसाचं पिवळं लाकूड जमिनीच्या पातळीत दिसत होतं, त्यावर फिकट हळदकुंकू.

"उंबऱ्यावर पाय देव नये म्हणतत ना गो, नलिनी?"

वहिनींनी नवऱ्याकडे पाहिलं.

"माझो पाय खंय लागता?" जयंतीताई म्हणाल्या. "चाक लागता."

आणि त्या आत गेल्या. दार त्यांनीच ओढून घेतलं. दोराचा करकर आवाज आला, मग बाकाचा. मग पळीभर पाणी दगडांवर पडल्याचा.

मेस्त्री मागच्या बाजूला, भट्टीच्या तोंडाशी उकिडवे बसले. डॉक्टरांनी दहाच मिनिटं सांगितली होती, म्हणून त्यांनी माझं घड्याळ मागून घेतलं होतं. ते आलटून पालटून घड्याळाकडे आणि भिंतीकडे बघत होते. पाच मिनिटं झाली असतील. आतून जयंतीताईंचा आवाज आला.

"बाळा, झोपलंस काय रे? करवंट्यो घाल."