इको मशीनचा लाल दिवा

आज खंडेनवमी. शिलाई मशीनला कुंकू लावताना नवऱ्याचं इको मशीन आठवलं. आवाज घुमवणारं ते जड धूड घेऊन ते येवला-मनमाडच्या लग्नांत गायचे. मग घशाच्या ऑपरेशननंतर आवाज गेला. "खंडेनवमीला मशीनचा दिवा लागला, की मी पुन्हा गाणार," असं कुजबुजत सांगायचे. त्या वर्षीच्या खंडेनवमीला दिवा लागेना. मी वायर तपासली, फ्यूज बदलला, शेवटी झाकण उघडलं, तर आतला ट्रान्सफॉर्मर काळा पडलेला. "अहो, जळलंय हे." "सरक, तुझ्या हाताला ते दाद देत नाही." ते कितीतरी वेळ बटण दाबत राहिले. मग त्यांनीच मशीनला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. दसऱ्याच्या सकाळी मी तो झेंडू काढला आणि मशीन माळ्यावर चढवलं. त्यांनी खालून स्टूल धरलं.