पाच बोटं, चार दोआब

मी स्वभावानंच संशयी आहे. दुकानात कुणी जरा जास्त गोड बोललं की मी आधी पर्सची चेन ओढून घेते. त्यामुळे इथे परदेशात, क्लोनडॉकिनमधल्या आमच्या इस्टेटीत, म्हणजे घरांच्या वसाहतीत, समोरच्या घरातल्या डॉक्टरांनी बाबांशी घसट वाढवली तेव्हा माझे कान टवकारलेच.

बाबा नागपूरहून माझ्याकडे आले होते. आई गेल्यापासून ते तिथे एकटे राहतात, आणि उन्हाळा संपला की परत एकटेच राहायला जाणार होते. इथेच राहा म्हणून मी त्यांच्या मागे लागले होते. डॉक्टर पाकिस्तानातले, फैसलाबादच्या बाजूचे, इथल्याच मलिंगार गावच्या हॉस्पिटलातून निवृत्त होऊन आता मुलाकडे राहायला आलेले. बाबांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यांवर उन्हातान्हात हिंडण्यात गेली. दोघांची गाठ इस्टेटीतल्या बाकावर पडली, कालव्यांचा विषय निघाला, आणि तेव्हापासून बाबा रोज दुपारी तिकडे चहाला.

चहाला किती वेळ लागतो? मी घरून काम करते आणि माझ्या टेबलापुढच्या खिडकीतून त्यांचं दार दिसतं. मीटिंगमध्ये माझं तोंड स्क्रीनकडे असायचं आणि डोळा त्या दारावर.

सुरुवातीला बाबा आल्या आल्या सगळं सांगायचे. दोन नद्यांच्या मधली जमीन म्हणजे दोआब. आपल्याकडे कालवा डोंगराच्या कडेकडेनं जातो आणि एकाच अंगाला पाणी देतो. तिकडे पंजाबात तो दोआबाच्या मधोमध, सगळ्यात उंच भागावरून नेतात, म्हणजे पाणी दोन्हीकडे आपसूक उतरतं. रावी आणि चिनाबच्या मधला गुरं चारायचा माळ असाच ओलिताखाली आला. इंग्रजांनी तिथे पट्टीनं आखल्यासारखी गावं वसवली आणि त्यांना नुसते नंबर दिले. डॉक्टरांचं घराणं मुळात जालंदरकडचं, ब्यास आणि सतलज यांच्या मधलं. फाळणीत ते सगळं सोडून अशाच एका नंबरच्या गावात गेले. तिथलं घर सोडून एक शीख कुटुंब उलट्या दिशेनं निघून गेलं होतं. सांगताना बाबा खुलायचे. मी हं हं करायची आणि मनात म्हणायची, या माणसाला माझ्या बाबांकडून हवंय तरी काय?

मग सांगणं बंद झालं. बाबा उजव्या हाताची बोटं पसरून त्यांच्याकडे बघत पुटपुटायला लागले. कधी जिन्यात, कधी सिंकपाशी. मी दिसले की हात खिशात. त्यातच एके दिवशी म्हणाले, तिकीट अलीकडचं बघ, मला लवकर जायचंय. झालं, माझी खात्रीच पटली. समोरच्यानं कान भरले होते. जमिनीचा व्यवहार, गंडेदोरे, माझ्या डोक्यात नाही नाही ते येऊन गेलं.

डॉक्टरांकडून गाजरहलव्याचा डबा आला होता. रिकामा डबा परत द्यायचा नसतो, म्हणून त्यात शेंगदाण्याचे लाडू भरले आणि बाबा दुपारचे आडवे झालेले बघून मी समोर गेले. डॉक्टरांनी आत बोलावलं. मी हिंदीत सरळच विचारलं की तुमचं बाबांबरोबर चाललंय काय. ते म्हणाले की कुणाला सांगू नका असं तुमच्या बाबांनी बजावलंय. कुणाला म्हणजे मला, हे उघडच होतं. मी खुर्चीवरून हलले नाही.

शेवटी त्यांनी उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. अंगठा झेलम, मग चिनाब, रावी, ब्यास, आणि करंगळी सतलज. बोटांमधल्या चार फटी म्हणजे चार दोआब. त्यांच्या वडिलांनी त्यांना लहानपणी असंच शिकवलं होतं.

"हे मी त्यांना रोज विचारतो," ते म्हणाले. "पहिल्यांदा भेटलो तेव्हा या नद्या, हे दोआब, सगळं उलट तेच मला सांगत होते. आता रोज एखादी नदी सापडत नाही. आपण विसरत चाललोय हे त्यांना कळलंय, बेटी. तुम्हाला कळू द्यायचं नाहीये."

ब्युमॉन्टच्या हॉस्पिटलात दाखवून घ्या, असंही ते म्हणाले. रस्ता ओलांडताना मला त्यांचा भयंकर राग आला होता. निवृत्त माणूस, याला काय कळतंय? परमुलखातल्या नद्या, मलाही आल्या नसत्या. पण मी पाटबंधारे खात्यात नव्हते.

घरी आले तर बाबा उठून प्रेसमधून कप काढत होते. इथे कपाटाला प्रेस म्हणतात आणि हा शब्द बाबांना फार आवडला होता. मी अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, बाबा, पंजाबच्या नद्या कुठल्या हो?

त्यांनी कप खाली ठेवला. हात ओट्यावर पालथा टेकला. झेलम. चिनाब. रावी. अनामिकेपाशी ते थांबले. दुसऱ्या हातानं ते बोट चेपलं, पुढे करंगळीवर जाऊन सतलज म्हणाले आणि पुन्हा मागे आले.

"काहून विचारून राह्यली?" बाबा म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलं का तुले?"

इतके दिवस मी ज्या नजरेनं समोरच्या दाराकडे बघत होते, त्याच नजरेनं ते माझ्याकडे बघत होते. मी नाही म्हणाले. मग त्यांच्या अनामिकेवर माझं बोट ठेवलं आणि हळूच सांगितलं, ब्यास.

त्यांनी हात काढून घेतला.

"मले येते," ते म्हणाले. "तिकिटाचं काय झालं?"